दोन स्पीकरवर दोन तळहात

दादा,

तू गेल्यापासून बडोद्याच्या घरी माणसांची रीघ लागली आहे. कारेलीबागेतली अर्धी सोसायटी येऊन गेली, दांडिया बाजारातले आपले सगळे नातेवाईक येऊन गेले, आणि 'बहु सारा माणस हता', फार चांगला माणूस होता, हे वाक्य इतक्यांदा कानावर आलं की वहिनी आता त्यावर मान हलवायलाही विसरते. मग जरा थांबून, पाण्याचा पेला खाली ठेवून, जो तो एकच विचारतो. तुम्ही दोघं बहीणभाऊ निजामपुऱ्याच्या त्या गाळ्यात नेमकं काय करत होता? मी सांगते की एसीच्या डक्टमधून जो घूं-घूं आवाज येतो तो आम्ही घालवतो. कसा? त्यात आणखी एक आवाज सोडून. यावर समोरचा माणूस वहिनीकडे बघतो आणि वहिनी डोळ्यांनीच त्याला सांगते की नणंदबाई धक्क्यात आहेत, मनावर घेऊ नका.

मी रागावत नाही. मीही एकदा तुझ्याकडे असंच बघितलं होतं. मी नुकतीच इलेक्ट्रॉनिक्सची इंजिनिअर झाले होते आणि जगातलं सगळं आपल्याला कळतं अशी माझी पक्की समजूत होती. तू ब्लोअरच्या कारखान्यातली नोकरी करून थकून यायचास आणि सुट्टीच्या दिवशी गाळ्यात काहीतरी खुडबुड करायचास. त्या दिवशी जमिनीवर प्लंबरकडून आणलेला एक राखाडी पाइप आडवा टाकला होतास. पाइपच्या एका टोकाला एक स्पीकर होता, मधेच कुशीत भोक पाडून बसवलेला दुसरा. पहिल्यातून पेटीच्या अगदी खालच्या सुरासारखा एक जाड आवाज येत होता आणि गाळ्याचं शटरही त्याच्याबरोबर घुमत होतं. तू मला खाली बसवलंस, माझा एक हात एका स्पीकरवर आणि दुसरा दुसऱ्यावर ठेवलास, आणि बटण दाबलंस.

आवाज गेला. रस्त्यावरची रिक्षा ऐकू आली, शेजारच्या गिरणीतलं बोलणं ऐकू आलं. पण माझे दोन्ही तळहात थरथरत होते. दोन्ही स्पीकर जीव तोडून वाजत होते, मला हाताला ते स्वच्छ कळत होतं, आणि पाइपच्या तोंडाशी कान नेला तर तिथे काही नव्हतं. मी तव्याला हात लागल्यासारखे हात काढून घेतले. तू पोट धरून हसलास.

नंतर तू समजावलंस, आणि ते इतकं सोपं होतं की मला स्वतःचाच राग आला. आवाज म्हणजे हवेला बसलेला रेटा आणि मग ओढ, रेटा आणि मग ओढ. पहिला रेटतो तेव्हा दुसऱ्याने ओढायचं, पहिला ओढतो तेव्हा दुसऱ्याने रेटायचं, बस. हे गणित मी कॉलेजात परीक्षेपुरतं सोडवलं होतं, पण ते हाताखाली थरथरेल असं मला कुणी सांगितलं नव्हतं. मी विचारलं, मग आवाज गेला कुठे? तू म्हणालास, "गेला नाही. मागे वळला. तिथे भिंत नाहीये, पण त्याला ती लागते." हवा आरपार जाते, गारवा आरपार जातो, आणि आवाज मात्र मोकळ्या हवेवर आपटून मागे फिरतो. दादा, त्यानंतर आपण दोघांनी हेच काम करून पोट भरलं, कितीतरी डक्ट शांत केले, आणि मला आजपर्यंत त्याची सवय झालेली नाही. 

तुलाही झाली नव्हती. तू ते लपवायचास एवढंच. काम झालं की गिऱ्हाइकाला यंत्र चालू करून दाखवायचं नाही, ही तुझी पद्धत. आवाज हळूहळू कमी झाला तर माणसांना कळत नाही, त्यांना वाटतं आधीपासून असंच होतं. म्हणून तू यंत्र गुपचूप सुरू करून ठेवायचास, सगळ्यांना बसवायचास, चहा मागवायचास, इकडच्यातिकडच्या गप्पा मारायचास. आणि मग, 'आता बंद करून दाखवतो,' म्हणून बटण बंद करायचास. घूं करून आवाज परत अंगावर आला की सगळी माणसं एकदम छताकडे बघायची. मला ती तुझी नाटकं वाटायची आणि मी तसं तोंडावर म्हणायचेही. पण छताकडे बघणाऱ्यांत तूही असायचास, हे मी बघितलेलं आहे.

आणि आपली ती फजिती. एका कारखान्याच्या मीटिंगच्या खोलीचं काम. डक्टमध्ये पुढे एक माईक असतो, तो उरलेला आवाज ऐकून कंट्रोलरला, म्हणजे यंत्राच्या मेंदूला, सांगतो की अजून जमलं नाही, आणखी बदल. मी तो माईक सोयीची जागा बघून बसवला. लॅपटॉपवर आवाजाची रेघ खाली, खाली, पार तळाला गेली. तू पेढे आणायला माणूस पाठवलास. पेढे आले तेव्हा आपण खोलीत गेलो, आणि खोली आधीसारखीच घुमत होती. माईक नेमका अशा जागी बसला होता जिथे तो सूर मुळातच क्षीण होता. त्याच्या कानाशी शांतता होती, म्हणून यंत्र समाधानी, म्हणून आपण समाधानी. पेढे आपणच खाल्ले, गाडीत बसून. तेव्हापासून तुझा नियम झाला की शेवटचं माप कानाने घ्यायचं, आणि तेही जिथे माणूस बसणार त्याच खुर्चीवर बसून.

म्हणूनच मला तू आता दिसतोस तो दवाखान्यातल्या मुलांच्या त्या चिमुकल्या खुर्चीवर, गुडघे हनुवटीला टेकलेले.

हे आपलं शेवटचं काम, हेतलबेनची खोली. तुला ठाऊकच आहे, पण वाचणाऱ्या बाकी कुणाला माहीत नाही म्हणून सांगते. एका ट्रस्टच्या दवाखान्यात हेतलबेन लहान मुलांचे कान तपासते. मुलाच्या कानावर हेडफोन, समोर टोपली, हातात प्लास्टिकच्या रंगीत कड्या. बारीक आवाज ऐकू आला की एक कडी टोपलीत टाकायची. मुलांना तो खेळ वाटतो. खोली सगळीकडून बंद, भिंतींना जाड गाद्या, आणि वर एसीचा डक्ट. त्यातून येणारी घूं हेडफोनच्या आत शिरायची आणि खालच्या सुरांचे बारीक आवाज झाकून टाकायची. एसी बंद केला तर बडोद्याच्या उन्हाळ्यात त्या डब्यात मूल घामाघूम होऊन रडायला लागायचं. तेव्हा मुलाने कडी टाकली नाही तर कान कमी आहे की खोली वाईट आहे, हे हेतलबेनला सांगता येत नव्हतं. जिया नावाची एक चार वर्षांची मुलगी होती, अजून नीट बोलत नव्हती. खालच्या सुरांना तिने कडी टाकलीच नाही. तिची आई दर आठवड्याला फोन करून विचारायची, मशीन लावायचं का कानाला? हेतलबेनने कागदावर सही करायला चक्क नकार दिला होता. खोली शांत झाल्याशिवाय मी या पोरीबद्दल काही लिहिणार नाही, म्हणाली.

 गाडीत बसल्यावर म्हणालास, हे झालंच पाहिजे.

आणि तिथून पुढे आपण भांडलो. आयुष्यभर भांडलो, पण इतकं नाही. तुझं म्हणणं, गच्चीवरच्या पंख्याच्या शाफ्टवर सेन्सर बसवू. पंखा किती वेगाने फिरतो ते कळलं की त्याचा सूर कळला, तो पुसून टाकू, झालं. माझं म्हणणं, सूर जाईल पण वाऱ्याची गडगड राहील, तिला कसलाच ठेका नसतो. ती पकडायची तर डक्टमध्ये आधीच माईक हवा, आणि माईकपासून स्पीकरपर्यंत पुरेसं अंतर हवं, म्हणजे आवाज तिथे पोहोचायच्या आत आपलं उत्तर तयार असेल. डक्ट आखूड आहे, तो वळवून लांब करावा लागेल. तू म्हणायचास, गच्चीवर पाण्याची टाकी आहे, जागा कुठे आहे? मी म्हणायचे, टाकीच्या मागे आहे. तू म्हणायचास, तुला गच्चीचं काय कळतं, तू कधी लॅपटॉपच्या बाहेर आली आहेस? मी काय म्हणायचे ते इथे लिहीत नाही, वहिनी वाचेल.

त्या भांडणात तू एक वाक्य बोललास, ते माझ्या डोक्यातून जात नाही. मी अंतर, अंतर करत होते तेव्हा तू वैतागून म्हणालास, "मिने, जे परत परत येतं त्याला आगाऊ वर्दी लागत नाही. वर्दी लागते ती एकदाच येणाऱ्याला."

पंख्याबद्दल बोलत होतास. अगदी बरोबर बोलत होतास, पुस्तकातसुद्धा तसंच आहे.

शेवटच्या दिवशी संध्याकाळी आपण फोनवर बोललो ती दोनच वाक्यं. मी म्हणाले, उद्या ये, तुला दाखवते. तू म्हणालास, ये तूच, मीही तुला दाखवतो. दोघांनीही फणकाऱ्याने फोन ठेवला. सकाळी बुटाची नाडी बांधायला वाकलास आणि तसाच राहिलास. वहिनीला वाटलं गाठ सुटत नाहीये.

मी तुला काय दाखवणार होते ते आता सांगते. मी हार मानली होती, दादा. दुपारभर आकडे घेऊन बसले आणि मला कळलं की खोलीतला बहुतेक त्रास त्या एका सुराचाच आहे. तुझ्या सेन्सरसाठीचा प्रोग्रॅम मी पूर्ण लिहून ठेवला होता. तुला समोर बसवून चालवून दाखवणार होते आणि तू जिंकलास असं म्हणणार होते. म्हणायची रंगीत तालीमही केली होती, कारण ते वाक्य मला सहजासहजी तोंडातून काढता येत नाही.

तेरावा झाल्यावर भीखुभाईचा फोन आला. आपले डक्टचे पत्रे वाकवून देणारे भीखुभाई. आधी ते नुसतेच रडले. मग म्हणाले, "बेन, दादानुं पेलुं वांकुं पीस तैयार पड्युं छे. क्यां मोकलुं?" मी विचारलं, कसला वाकडा तुकडा, आणि कुठे पाठवायचा म्हणता? ते गोंधळले. म्हणाले, जाण्याच्या आदल्या दिवशी दादांनी स्वतः गच्चीवर बसून माप घेतलं होतं, टाकी आणि कठड्याच्या मधोमध बसेल असा डक्टचा मोठा वळसा करायला सांगितला होता, आतून आवाज शोषणारं ग्लासवूल लावून. आणि मग म्हणाले, "कहेता हता, मीनाबेन साचां छे. जग्या करवी पडशे."

मीनाबेन बरोबर आहे. जागा करावी लागेल.

मी हसले, दादा. घर माणसांनी भरलेलं, तुझा हार घातलेला फोटो समोर, आणि मी मोठ्याने हसत सुटले. वहिनी आतून धावत आली. मी तिला सांगितलं की मी त्याच्या बाजूला गेले होते आणि तो माझ्या बाजूला आला होता, त्याच एका दिवशी. दुसऱ्या दिवशी भेटलो असतो तर पुन्हा भांडलो असतो, फक्त उलट्या बाजूंनी.  वहिनी म्हणाली, "जन्मात पहिल्यांदा दोघांनी माघार घेतलीत, आणि एकमेकांना सांगितली नाहीत." आणि ती माझ्याशेजारी बसून रडली, तू गेल्यापासून पहिल्यांदाच अशी पोटभर. मीही.

वळसा मी भीखुभाईंना दवाखान्यात पाठवायला सांगितला. गच्चीवर तो टाकीच्या मागे असा बसला की जणू गच्ची बांधताना त्याच्यासाठीच जागा ठेवली होती. कुठेही ठोकावं लागलं नाही. भीखुभाई पत्र्यावरून हात फिरवत नुसते उभे राहिले. मी शाफ्टवर तुझा सेन्सर बसवला. वळशाच्या तोंडाशी माझा माईक बसवला, वारा थेट लागू नये म्हणून कापड गुंडाळलेल्या नळीत, आणि वळशाच्या पलीकडच्या टोकाला स्पीकर. सूर तुझ्याकडे, गडगड माझ्याकडे. एकाच वेळी दोन्ही लावायचे, हे आपल्याला भांडताना एकदाही सुचलं नाही याचं मला अजून नवल वाटतं. सुचलं असतं तर भांडण लवकर संपलं असतं, म्हणूनच सुचलं नसेल.

मग यंत्र सुरू केलं. आधी स्पीकरमधून नुसता फसफस आवाज सोडायचा, म्हणजे यंत्राला स्वतःचा आवाज खोलीपर्यंत कसा पोहोचतो ते कळतं. मग त्याला शिकू द्यायचं. सावकाश शिकव, घाई केलीस तर किंचाळेल, हे तू मला इतक्यांदा बजावलंस की मी चिडून एकदा मुद्दाम घाई केली होती आणि गाळ्यातल्या पाली पळाल्या होत्या. या वेळी मी सगळ्यात सावकाश चाल ठेवली. खाली खोलीत येऊन त्या चिमुकल्या खुर्चीवर बसले, गुडघे हनुवटीला टेकून, डोळे मिटून.

आधी सूर गेला. एकदम गेला नाही, पाय न वाजवता कुणी खोलीतून निघून जावं तसा गेला. मी डोळे उघडले नाहीत. उरली गडगड, आणि मग तीही पातळ होत होत गेली. वरच्या जाळीतून गार वारा माझ्या कपाळावर येत होता. जाळीला बांधलेली रिबन हलत असणार, हेतलबेनने मुलांसाठी बांधलेली. मला माझा श्वास ऐकू आला, मग हाताच्या घड्याळाची टिकटिक. इतकी वर्षं हेच केलं आहे, दादा, पण इतकी खोलवर गेलेली शांतता कधी ऐकली नव्हती. तू असतास तर डोळे उघडून माझ्याकडे बघितलं असतंस. भांडायलासुद्धा काही उरलं नव्हतं.

जियाला दुसऱ्या दिवशी सकाळी बोलावलं. मला काचेच्या या बाजूला उभं राहू दिलं. हेतलबेनने आवाज लहान करत आणला, खालचे सूर, तेच ज्यांना जियाने कधी कडी टाकली नव्हती. पोरगी मान तिरकी करून बसली होती. मग तिने लाल कडी उचलली आणि टोपलीत टाकली. हेतलबेनने आवाज आणखी लहान केला. पुन्हा कडी. आणखी लहान. कडी. उजवा कान चांगला होता. डाव्यात खरोखरच थोडं कमी आहे, तेही त्याच शांततेत कळलं, पण आईला वाटत होतं तितकं नाही. काय करायचं ते आता नीट ठरेल. तिची आई पदराने तोंड झाकून बसली होती. हेतलबेनने सही केली आणि मला म्हणाली, सर बंद करून दाखवायचे ना, तुम्ही नाही दाखवणार? मी नाही म्हणाले. आत पुढचं मूल बसलं होतं. तुझी पद्धत मी मोडली, रागावू नकोस.

मी जिना चढून गच्चीवर गेले. ऊन डोक्यावर आलं होतं, टाकीत पाणी पडत होतं, पंखा फिरत होता. कुणी बघत नाहीसं पाहून मी तुझ्या वळशापाशी खाली बसले. एक तळहात पंख्याकडच्या पत्र्यावर ठेवला आणि दुसरा स्पीकरच्या पाठीवर, पहिल्या दिवशी तू ठेवायला लावलेस तसे. तू जिंकलास, दादा. म्हणायचं राहिलं होतं, म्हणून मोठ्याने म्हणाले. दोन्ही हात थरथरत होते, आणि खाली एक मूल कान देऊन ऐकत होतं.